दोन वर्षांची डिग्री, आभाळाची नोकरी

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून आभाळाकडे बघणं हे माझं काम आहे. सरकारी शिक्क्यानिशी तसं पत्र आहे माझ्याकडे.

आमच्या कॅरियाकू बेटावर, लॉरिस्टनच्या धावपट्टीच्या कडेला एका खोलीची वेधशाळा. बाहेर पांढऱ्या झडपांची पेटी, तिच्यात तापमापक. पलीकडे वाऱ्याचं पातं आणि पाऊस मोजायचं नळकांडं. नळकांड्यात एक मेलेली गांधीलमाशी होती. मिस्टर प्रॉस्पर म्हणाले, "लिही. पाऊस शून्य, माशी एक." मी खरंच लिहायला लागले, तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला.

प्रॉस्पर इथे एकतीस वर्षं आहेत. शाळा सोडली ती थेट इथेच आले. आता नियम बदललाय. नव्या माणसाला निदान असोसिएट डिग्री हवी, आणि अर्ज केलेल्या सात जणांत ती फक्त माझ्याकडे होती. शेजारच्या मोठ्या बेटावर, ग्रेनाडात, चुलत बहिणीच्या पडवीत दोन वर्षं झोपून मिळवलेली. गणित, भौतिकशास्त्र, भूगोल.

"दोन वर्षांची डिग्री म्हणजे नक्की काय गं?"

"पुरी चार वर्षांची असते, मिस्टर प्रॉस्पर. ही पहिली दोन."

"म्हणजे अर्धी होडी. अर्ध्या होडीत बसून जाणार कुठे?"

घरी येऊन पपांना सांगितलं. ते अंगणाखालच्या किनाऱ्यावर नव्या होडीच्या फटींत कापूस ठोकत होते. वर न बघता म्हणाले, "त्याला सांग, सांगाडा उभा राहिलाय. फळ्या मारायच्या बाकी आहेत."

आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते तासातासाला लिहायचं. आज दिवसभर दोन भाग. कापसाचे छोटे ढग पूर्वेकडून येत होते आणि मी बघते आहे असं कळल्यासारखे विरघळत होते.

१० फेब्रुवारी, रविवार

पहाटेची पाळी करून दुपारी झोपले आणि आई स्वप्नात आली. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली होती, केस ओले, पाय हलवत. आमच्या टाकीत सध्या गुडघाभरही पाणी नाही, पण स्वप्नात ती काठोकाठ भरलेली आणि आत आभाळ. आई बाजूला सरकली. कट्ट्यावर माझ्यासाठी जागा करून दिली फक्त. मी बसणार तोच जाग आली.

पपांची थोरली बहीण, टँटी अर्मा, शेजारीच राहते. तिला सांगितलं तर हातातलं वाटाण्याचं सूप खाली ठेवून म्हणाली, "भूक लागलीय तिला. जाऊन चार वर्षं झाली फिलोमीनला, अजून तिच्या थडग्यावर दगड उभा नाही केला तुम्ही. आपल्यात दगड उभा राहिल्याशिवाय माणूस सुटत नाही. तुझ्या बापाला, कॉस्मसला, सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"पण टँटी, ती उपाशी दिसत नव्हती. मजेत होती."

"तुला काय कळतंय मेलेल्यांचं," टँटी म्हणाली आणि सूप मला पाजलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्रॉस्परनी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी जमिनीवर नाही.

आम्ही इथे जे दिसतं ते लिहितो. ते आकडे ग्रेनाडाला जातात, तिथून बार्बाडोसला, आणि तिथे कुणीतरी बसून आमच्या आणि आणखी तीस बेटांच्या आकड्यांवरून वाऱ्याचा नकाशा काढतं. मी विचारलं, नकाशा काढणाऱ्या माणसाला काय लागतं?

"पुरी डिग्री. बार्बाडोसला विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवतात." मग चहात बिस्किट बुडवत, जसं काही हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, "तुझी दोन वर्षं ते धरून घेतात म्हणे. थेट तिसऱ्या वर्षाला. आणखी दोन वर्षं केलीस की झालं."

मग धावपट्टीवरून बकऱ्या हाकलायला गेलो. कोरड्या दिवसांत सगळ्या गावाच्या बकऱ्या मोकळ्या सोडलेल्या असतात आणि सव्वाअकराच्या विमानाचं त्यांना सोयरसुतक नसतं. मी हात पसरून धावत होते, वारा पाठीशी होता, आणि एक क्षण असं वाटलं की या धावपट्टीवरून मीच उठणार आता.

संध्याकाळी पपांना सांगितलं, "पपा, मी बार्बाडोसला अर्ज करू का? दोन वर्षं लागतील."

"जा की," ते म्हणाले. इतक्या पटकन की त्यांनी ऐकलंच नसावं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "जा की."

बापाने निदान एकदा तरी "घरी मी एकटाच उरेन" म्हणावं. असो. अर्ज भरला.

८ मार्च, शुक्रवार

कार्निव्हल संपून बेट झोपलंय. मीही अर्ध्या झोपेतच काम केलं. पिसांसारखे उंच ढग, तीन भाग.

पपांचं काहीतरी बिनसलंय. आमच्या विंडवर्ड गावात पाव मिळतो, पण ते आता रोज सायकल काढून बोगल्सला मिस डेल्सीना रोचच्या भट्टीवर जातात. दोन मैल चढ-उताराचे. म्हणे इथला पाव दाताला लागतो. काल तर पावाला जाताना इस्त्रीचा सदरा घातला. मी हसले तर म्हणाले, "माणसाने नीट राहावं." चार वर्षं हा माणूस रंगाचे डाग पडलेल्या बनियनवर वावरतोय!

एकटेपणा माणसाला काय काय करायला लावतो. दोन मैल सायकल मारायची, का, तर वेळ जावा.

मिस डेल्सीना मला विशेष आवडत नाही. फार मोठ्याने हसते. विधवा आहे, मुलं टोरँटोला, तरी हसते.

२९ मार्च, शुक्रवार

बार्बाडोसचं पत्र!

घेणार आहेत. पण एक अडचण. माझ्या भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या भागात नेमकं काय शिकवलं, किती तास प्रयोग झाले, याचा तपशील शिकवणाऱ्याच्या सहीनिशी हवा. तो मिळाला तर तिसरं वर्ष, नाही तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे चार वर्षं.

कॉलेजात फोन केला. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, तो भाग लेंडोर सरांनी स्वतः बांधला होता, टिपणं त्यांच्या वहीत, आणि सर गेल्या वर्षी निवृत्त होऊन पिटी मार्टिनिकला आपल्या घरी गेले. फोन उचलत नाहीत.

पिटी मार्टिनिक आमच्या अंगणातून दिसतं. समुद्रात उपडी ठेवलेली वाटी.

१३ एप्रिल, शनिवार

पपांच्या मित्राच्या होडीतून गेले. समुद्र असा निवांत, की पाण्यावरून चालतोय असं वाटत होतं.

लेंडोर सर घराबाहेर जाळं विणत बसले होते. वर्गात टाय लावणारा माणूस आता अर्ध्या चड्डीत, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा दोरा अडकवलेला. मी नाव सांगितलं. त्यांना काही आठवलं नाही. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"खिडकीजवळची."

"हो सर."

"लाटांचं प्रकरण शिकवत असताना बाहेर बघायचीस."

"हो सर."

"मी रागवायचो. आणि आता काय करतेस?"

"वेधशाळेत आहे सर. बाहेर बघते."

ते हसले नाहीत. त्यांच्या बायकोने आतून दोन वाट्या मक्याची लापशी आणली आणि म्हणाली, "अहो, हसा की. पोरगी गंमत करतेय." तेव्हा हसले.

वही नव्हती. समुद्रावरून सामान आणताना भिजली होती. माझा चेहरा बघून सर म्हणाले, "वही भिजली, मी नाही भिजलो," आणि जाळं बाजूला ठेवून कागद घेतला. पण नुसतं लिहिलं नाही. प्रत्येक धड्याला मला विचारायचे. हवेचा दाब का घटतो, सांग. पाण्याची वाफ होताना उष्णता कुठे जाते, सांग. मी अडखळले की पेन थांबायचं. तीन तास चाललं. बायको मध्ये येऊन म्हणाली, "अहो, तिला सही हवीय, परीक्षा नको." सर म्हणाले, "मी सही करतोय ती तिला येतं म्हणून. येतं का ते बघायला नको?"

पाच पानं झाली. सही करताना त्यांनी हात पुसला तरी कोपऱ्यावर माशाच्या तेलाचा डाग पडलाच.

निघताना म्हणाले, "माझीही तुझ्यासारखीच दोन वर्षांची होती. पुढचं केलं चाळिसाव्या वर्षी, टपालाने, मुलं झोपवून. तू एवढी वाट बघू नकोस. वाईट नसतं, पण थकायला होतं."

परतताना होडीत पानं पोटाशी धरून पडले होते. वर आभाळ, आठापैकी एकही भाग झाकलेला नाही. असं आभाळ खूप वेळ बघितलं की ते खोल वाटायला लागतं, वर असल्यासारखं नाही, खाली असल्यासारखं, आणि आपण काठावरून त्यात वाकलोय असं.

२ मे, गुरुवार

तिसरं वर्ष. थेट तिसरं. पत्रात माझं पूर्ण नाव आहे, अ‍ॅव्होनेल मारी बेदो, आणि त्याखाली "प्रवेश मंजूर". सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपासून वर्ग. पंधरा जूनपर्यंत होकार कळवायचा.

प्रॉस्परनी ते मोठ्याने वाचलं आणि नोंदवहीत आजच्या तारखेसमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "असामान्य घटना". वरिष्ठ विचारतील तेव्हा काय सांगणार कोण जाणे.

१९ मे, रविवार

मला झोप लागत नाही, आणि लागली की आई येते. आज ती छत्री घेऊन आमच्या दारात उभी होती. छत्री उघडलेली, पाऊस नाही. "कुणाला देऊ?" म्हणाली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुला नव्हे गं."

पपांसाठी असणार. पपांना सांभाळ, असंच तिला सांगायचं असणार.

आणि ते सांभाळण्यासारखेच झालेत. परवा चहात मीठ घातलं आणि प्यायलेही. होडीच्या फळीवर रंधा मारता मारता मध्येच थांबतात आणि समुद्राकडे बघत स्वतःशी हसतात. शीळ घालतात. आई गेल्यापासून त्यांनी शीळ घातली नव्हती. टँटीला म्हटलं, पपांचं डोकं ठिकाणावर नाही. टँटी म्हणाली, "ते तर कुणालाही दिसतंय," आणि विषय बदलला. तिलाही भीती वाटत असणार.

असं सोडून कसं जायचं?

खरं लिहायचं तर दुसरंही एक आहे. बार्बाडोसचे वर्ग मी मनात बघते तेव्हा सगळे वीस वर्षांचे असतात, मी सव्वीस. त्यांनी पहिली दोन वर्षं तिथेच, एकत्र काढलेली. आणि मी मध्येच दार उघडून आत येते आणि सगळे वळून बघतात. पण ते कारण नाही. कारण पपा.

३ जून, सोमवार

नकार कळवला. वेधशाळेच्याच संगणकावरून, दहाच्या आणि अकराच्या नोंदींच्या मधल्या वेळात. ग्रेनाडाहून मला कायम करायचं पत्रही याच आठवड्यात आलंय, म्हणजे काही बिघडलेलं नाही. दोन वर्षांच्या डिग्रीवर कायम सरकारी नोकरी! कित्येक जण देवापुढे मेणबत्त्या लावतील.

प्रॉस्परनी नोंदवही मिटली. मग, "कॉस्मसला विचारलंस?"

"विचारलं तर जा म्हणतील."

"मग?"

"मनापासून नाही म्हणणार ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा माझ्याकडे. "पोरी, आभाळ तुला चांगलं वाचता येतं," ते म्हणाले आणि तापमापक बघायला बाहेर गेले. तापमापक मी आत्ताच बघून आले होते.

घरी येऊन पपांना सांगितलं, "पपा, मी जात नाही. तुमच्याजवळच राहणार, कायमची."

त्यांच्या हातातली पटाशी खाली पडली. उचलायचंही भान राहिलं नाही. "कायमची?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा झाला की माझेच डोळे भरून आले. मग सायकल काढली, भर उन्हात, आणि बोगल्सच्या रस्त्याने गेले. अंधार पडायच्या आत आले, पाव न घेता.

एवढा आनंद पचवायला माणसाला एकांत लागतो.

१६ जून, रविवार

सहारातली धूळ समुद्र ओलांडून आलीय. आभाळ दुधाळ, सूर्याकडे डोळे उघडून बघता येतं. ढग मोजायलाच येत नाहीत. नुसतं "धूळ" लिहायचं. सगळं बेट झोपेत बघितल्यासारखं.

पपा आज जेवताना म्हणाले, "फिलोमीनचा दगड उभा करू या. जुलैच्या शेवटच्या शनिवारी."

चार वर्षं टाळलं आणि आज अचानक. माणूस निरवानिरव करायला लागतो ती अशीच. घरालाही रंग काढलाय त्यांनी. दोन नवे कप आणले.

टँटी अर्मा कांदे चिरत म्हणाली, "आधी दगड, मग बाकीचं. रीत ती रीत. शेवटी कळलं म्हणायचं त्याला. आणि पुरुषाला अशी घाई झाली की समजावं..." मग माझ्याकडे बघून गप्प झाली आणि कांद्याला दोष देत डोळे पुसले.

पपांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

२७ जुलै, शनिवार

हातांना अजून मसाल्याचा वास आहे. जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाही तर लिहिता यायचं नाही.

सकाळी गवंड्याने दगड आणला. रीतीप्रमाणे तो पांढऱ्या चादरीत गुंडाळून आई-पपांच्या पलंगावर ठेवला, माणूस झोपवतात तसा. मी आत गेले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून वारा येत होता आणि चादर किंचित हलत होती. मी शेजारी बसले आणि त्या चादरीवर हात ठेवला. गार होतं. तिला म्हटलं, मी राहिले हं आई. तू सांगितलंस तशी.

अंगणात तीन दगडांच्या चुलींवर पातेली. मटण, तुरीचे दाणे, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं कूकू, लाकडी चमच्यांनी वळलेले भाताचे गोळे. ढोल लागले होते. दगडावर पाणी, रम आणि तांदूळ शिंपून झाले. पपांनी शिंपलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, खूप वेळ. इतकं ते आईशी जिवंतपणीही एका दमात बोलले नसतील.

मग चार जणांनी दगड उचलला, आम्ही सगळे गात दफनभूमीत गेलो, आणि तो उभा राहिला. फिलोमीन बेदो. समुद्राकडे तोंड करून.

परत आलो तर फाटकाबाहेर मिस डेल्सीना उभी. डोक्यावर पावांची टोपली, अंगात पांढरा झगा. लोक तिच्या बाजूने आत जात होते, "या की डेल्सीना" म्हणत होते, पण ती हलत नव्हती. मला वाटलं, टोपली जड झाली असेल. मी पुढे होऊन हात लावला.

ती टोपली सोडेना. म्हणाली, "अ‍ॅव्होनेल, मी आत येऊ का?"

"या ना. सगळेच येतायत."

"सगळ्यांसारखी नाही विचारत, पोरी." तिचा तो मोठा आवाज इतका बारीक झाला होता की ढोलापुढे मला वाकून ऐकावं लागलं. "तुझ्या आईचं घर आहे. दगड उभा राहीपर्यंत मी या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. दीड वर्ष झालं. आता तू म्हणशील तर येईन. नाही म्हणालीस तर पाव घे आणि मी जाते. राग नाही."

मी वळून बघितलं. टँटी पातेल्यात बघत होती. प्रॉस्पर आभाळात. आणि पपा, इस्त्रीचा सदरा घातलेले माझे पपा, पायरीवर शाळेतल्या पोरासारखे उभे होते, हात मागे बांधून.

दीड वर्ष. पाव. सायकल. शीळ. चहातलं मीठ.

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. टँटी सांगते की मी म्हणाले, "टोपली जड आहे, आत आणा." म्हणजे तेवढंच.

नंतर प्रॉस्पर ताट घेऊन शेजारी बसले. "सगळ्या बेटाला दिसत होतं. एक सरकारने बघायला ठेवलेल्या बाईला सोडून."

मी उठून पातेली घासायला गेले.

२८ जुलै, रविवार

किनाऱ्यावर गेले. पपा होडीखाली बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बार्बाडोसला गेलीस की सांगणार होतो. पत्राने. समोर सांगायची छाती नव्हती." त्यांनी वाळूत बोटाने रेघ ओढली. "मग तू जाईनास. म्हणालीस, माझ्यासाठी राहतेस. आता तुला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई गं, नको राहूस?"

"मी सगळं सोडलं तुमच्यासाठी! जागा सोडली! त्या सरांनी पाच पानं लिहून दिली होती."

"हो." ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "नेल, माझ्यासाठीच राहिलीस ना? खरं सांग."

मी उठून घरी आले. इतकी चिडले होते की चप्पल तिथेच राहिली.

इथे खोटं लिहून काय करू? नाही. सगळं त्यांच्यासाठी नव्हतं. ते दार उघडून आत जायचं आणि सगळ्यांनी वळून बघायचं, त्याला मी घाबरले होते. आणि पपांचं एकटेपण मला फार सोयीचं पडलं होतं. इतकं सोयीचं, की ते संपलंय हे मी बघूनही बघितलं नाही.

३० जुलै, मंगळवार

बार्बाडोसला फोन केला. तीन वेळा ठेवला, चौथ्यांदा बोलले.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. जागा दुसऱ्याला दिली गेलीय. कुणी आलं नाही तर पहिलं नाव माझं. "नाही तर पुढच्या वर्षी या. तुमची दोन वर्षं कुठे जात नाहीत, ती तुमचीच आहेत."

ते वाक्य मी दिवसभर तोंडात घोळवलं. तुमची दोन वर्षं कुठे जात नाहीत.

ढग सहा भाग. शर्यतींच्या होड्या जमायला लागल्यात. खाडीभर शिडं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

फोन नाही. डेल्सीना आता रविवारी जेवायला येते. ताट हातात घेऊन विचारते, "हे कुठे ठेवतेस गं?" मी सांगते. बाकी आमच्यात बोलणं नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

दुपारी दोनच्या नोंदीला बाहेर होते. पश्चिमेला एक ढग उंच चढत होता, फुलकोबीसारखा, डोकं उजळलेलं. प्रॉस्पर दारातून ओरडले, "बार्बाडोस!"

मी धावत जायला हवं होतं. पण नोंद अर्धी होती. म्हटलं, त्यांना एक मिनिट थांबायला सांगा. वारा लिहिला, दाब लिहिला, ढग लिहिला. मग आत गेले आणि हो म्हणाले.

सोमवारी वर्ग. शनिवारी विमान.

माझी जागा दोन वर्षं राखून ठेवतायत, शिक्षणाची रजा म्हणून. प्रॉस्पर डिसेंबरात निवृत्त होणार होते, त्यांनी ते पुढे ढकललं. म्हणाले, "घरी बायको मला बोलू देत नाही. इथे निदान बकऱ्या ऐकतात." बरं झालं त्यांनाच थांबायचं होतं ते. नाही तर माझ्या जागेचं काय झालं असतं कोण जाणे.

१७ सप्टेंबर, मंगळवार, ब्रिजटाउन, बार्बाडोस

इथे आल्यापासून लिहायला जमलं नाही.

दार उघडून आत गेले होते पहिल्या दिवशी, आणि सगळ्यांनी वळून बघितलं होतं, अगदी मनात होतं तसं. मग एका मुलीने बॅग उचलून शेजारची जागा मोकळी केली. एवढंच झालं. गणितात मी मागे आहे. बाकीच्यांनी कधी नोंद घेतलेली नाही, त्यामुळे बाहेर नेलं की मी पुढे असते.

आज पहिल्यांदा रडारच्या खोलीत गेलो. पडदे ओढलेले, समोर भिंतभर काळा समुद्र आणि त्यावर हिरवे-पिवळे ढग सरकताना. पाण्याखाली उभं राहून वर बघावं तसं. सगळी बेटं पांढऱ्या रेघेने काढलेली. बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा. मी शोधत राहिले.

"काय शोधताय?" सरांनी विचारलं.

"कॅरियाकू, सर."

"एवढं लहान यात येत नाही."

मी पुढे गेले आणि काळ्या समुद्रावर बोट ठेवलं. "इथे आहे." माझ्या बोटावरून एक पिवळा ढग सरकत होता. सगळे थोडा वेळ तिथेच बघत राहिले. सर म्हणाले, "ठीक. मग तिथे पाऊस किती वाजता?" मी ढगाचा वेग मोजला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमला. चारच्या सुमारास.

मधल्या सुट्टीत घरी फोन लावला. डेल्सीनाने उचलला. मी म्हटलं, चारला जोराचा येणार, होडीच्या ओल्या रंगावर ताडपत्री टाका. ती म्हणाली, "चारला? नक्की ना? मग मी भट्टी आत्ताच लावते." आणि लगेच, "तू जेवलीस का?"

नाही म्हटलं. इथल्या भाताला चव नाही, तेही सांगितलं. मग ती सांगायला लागली, मासा आधी लिंबात किती वेळ ठेवायचा, इथल्या बाजारात कोणत्या बाईकडून घ्यायचा, तिची मावशी कधीकाळी ब्रिजटाउनलाच होती, तिची एक गोष्ट. ती हसली तेव्हा मला फोन कानापासून लांब धरावा लागला आणि शेजारची मुलगीही हसायला लागली.

अर्धा तास झाला. घंटा वाजली म्हणून ठेवला. जिना चढताना लक्षात आलं, पपांना फोन द्या म्हणायचं राहूनच गेलं.